शेवट न वाचता दिलेलं पुस्तक

ती कादंबरी मी पूर्ण वाचली नव्हती. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मला सबबी शोधायची सवय आहे आणि या बाबतीतली माझी प्रत्येक सबब याच एका वाक्यापाशी येऊन मोडते. साडेतीनशे पानांपैकी एकशे बारा पानं वाचली, मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचला आणि पंधरा माणसांसमोर उभं राहून तिची शिफारस केली. नंतर तेच पुस्तक नेऊन आत्याच्या हातात दिलं. पुस्तकाचं नाव इथे लिहीत नाही. चूक त्याची नव्हती.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात माझं साड्यांच्या मॅचिंगचं दुकान आहे. अस्तर, फॉल, ब्लाऊजपीस. पणजोबा कापड रंगवायचे, आजोबाही रंगवायचे. वडिलांच्या काळात रंगाच्या कढया गेल्या आणि रंगलेलं कापड विकणं उरलं. घरी आम्ही मराठी बोलतो, पण ती इथली मराठी. वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडात संपतं. मराठी पुस्तकं वाचायला मी चाळिशीनंतर शिकलो, म्हणजे नीट वाचायला. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून म्हैसूरला आलेल्या काही मंडळींनी एक वाचनगट काढला होता. महिन्यातून एका रविवारी एका देवळामागच्या खोलीत ते जमतात आणि पाळीपाळीनं एकेक जण पुस्तक सुचवतो. त्या गटात जुना म्हैसूरकर मी एकटाच. ते सगळे चांगले लोक आहेत, माझ्या बोलण्याला कधी कोणी हसलं नाही. तरी त्यांच्या स्वच्छ मराठीपुढे मी स्वतःला नापास होणाऱ्या मुलासारखा वाटायचो. म्हणून माझी पाळी आली तेव्हा मला काहीतरी मोठं बोलून दाखवायचं होतं.

कादंबरी एका वेगळ्याच कुटुंबाची होती. खाडीकाठच्या गावातला एक मास्तर, त्याची बायको आणि त्याच घरात राहणारी दुसरी एक बाई. मुलं दोघींनाही आई म्हणतात. दोघींत मिळून एकच चष्मा, त्यामुळे एकीनं तांदूळ निवडायचे तर दुसरीनं तोवर पोथी मिटायची. मी वाचलेला भाग असा हसता-खेळता होता. मी उभा राहून म्हणालो, "घर कुणाचं असतं, तर जे एकत्र जेवतात त्यांचं. हे सांगणारी ही कादंबरी आहे." टाळ्या पडल्या. एक बाई, नवऱ्याच्या निवृत्तीनंतर मुलाकडे इथे राहायला आलेल्या, मुद्दाम जवळ येऊन म्हणाल्या, "किती मोठ्या मनानं बोललात." मला ते फार आवडलं. या बाई पुढे पुन्हा येणार आहेत.

मोठ्या मनाचं कारण माझ्या घरातच होतं. माझ्या आत्याचं घर अगदी तसंच होतं.

आत्याचे यजमान म्हैसूर-सरगूर बसवर ड्रायव्हर होते. संध्याकाळी गाडी सरगूरला मुक्काम करायची, सकाळी परत यायची. त्या मुक्कामात तिथे एक संसार उभा राहिला. ते हार्ट अटॅकनं गेले तेव्हा सगळ्यांना कळलं. आत्याला आधीपासून ठाऊक असावं, पण तिनं कधी सांगितलं नाही. तिला मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर ती एकटी सरगूरच्या बसमध्ये बसली आणि संध्याकाळी एक बाई, पाच वर्षांची पोर आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत आली. मी विचारलं होतं, "काय बोललीस तिथे जाऊन?" ती म्हणाली, "काय बोलायचं? ती रडत होती, मी रडत होते. पोरीला भूक लागली होती. म्हटलं, चला."

त्या बाईला आम्ही चिक्कम्मा म्हणायला लागलो. कन्नडात धाकट्या आईला म्हणतात. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण नात्यानं मोठी, म्हणून मला "मगा" म्हणते, म्हणजे बाळा. पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर आईच्या जागी आत्याचं नाव लागलं. ते चिक्कम्मानंच लावायला सांगितलं. तिनं स्वतःच्या पोटच्या पोरीला शिकवलं की ही आई आणि मी चिक्कम्मा.

आमच्या घराण्याची एक रीत इथे सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरूनच घडलं. नकोशी गोष्ट आम्ही तोंडानं सांगत नाही. वडिलांना माझं कॉलेज सोडवायचं होतं तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत. एका सकाळी माझ्या ताटाशेजारी दुकानाची किल्ली ठेवलेली होती. आत्यानं चिक्कम्माला घरात आणलं ते त्यांना पटलं नाही. तेव्हाही ते भांडले नाहीत. गौरीला भावाकडून बहिणीला बागिना जातो, सुपात साडी, बांगड्या, हळदकुंकू; विधवा बहिणीलाही आमच्याकडे निदान साडी जातेच. त्या वर्षी वडिलांनी सुपात साडी ठेवली नाही, नुसता ब्लाऊजपीस ठेवला. आत्याला निरोप पोचला. महिन्याभरानं नवरात्र आलं. म्हैसुरात घरोघर बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात आणि सर्वांत वरच्या पायरीवर लग्नात माहेरून मिळालेली राजा-राणीची लाकडी जोडी असते. आत्यानं त्या वर्षी वर एक राजा आणि दोन राण्या मांडल्या. दोन्ही राण्यांना वडिलांच्या त्या ब्लाऊजपीसची वस्त्रं.

बाजारात एकटी राणी मिळत नाही, जोडीच घ्यावी लागते. म्हणून एक राजा जास्तीचा झाला. त्याला आत्यानं खालच्या पायरीवर, जिथे शेट्टी आणि शेट्टीण किराणा दुकान मांडून बसतात, तिथे गिऱ्हाईक म्हणून उभा केला. बाहुल्या बघायला आलेली शेजारीण म्हणाली, "अय्यो, राजाला दोन राण्या?" आत्या म्हणाली, "राजांना काय कमी होत्या? माझी पायरी लहान, म्हणून दोनच." चिक्कम्मा आत स्वयंपाकघरात होती. ती इतकी हसली की तिच्या हातातली पळी पडली.

बावीस वर्षं ते घर असं चाललं.

तर पुस्तक दिलं तो जानेवारी होता. मी म्हणालो, "आत्या, ही तुमचीच गोष्ट आहे. दोघींनी वाचा." चिक्कम्माला घरातली मराठी कळते, पण वाचता येत नाही आणि पुस्तकी मराठी समजत नाही. दुपारी ती अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसायची आणि आत्या एकेक पान वाचून कन्नडात सांगायची. मी गेलो की चिक्कम्मा म्हणायची, "मगा, त्या पुस्तकातली थोरली तुझ्या आत्यासारखीच घोरते."

"मी घोरत नाही," आत्या म्हणायची.

"नाही, नाही. ते शेजारच्या गिरणीचं मशीन."

त्याच महिन्यात आत्याच्या पोरीला स्थळ आलं. वाचनगटातल्या त्या बाईंनीच आणलं. एकदा आमची पोर मला घ्यायला स्कूटरवरून आली होती, तेव्हा त्यांनी तिला पाहिलं होतं. त्यांचा मुलगा इथल्याच एका कंपनीत. पोरीला तो आवडला, दोघं दोनदा भेटलेसुद्धा. आत्यानं सगळं बोलणं माझ्यावर सोपवलं. मी आत्याच्या घरात बसलेलो असताना त्या बाईंचा फोन आला. घरी कोण कोण असतं, असं त्यांनी सहज विचारलं.

मी म्हणालो, "आई असते. वडील नाहीत."

"आणखी कोणी?"

चिक्कम्मा माझ्यासमोर कॉफीचा लोटा ठेवत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. "नाही," मी म्हणालो. "दोघीच."

तिनं लोटा नीट ठेवला, पदरानं सांडलेला थेंब पुसला आणि आत गेली. आत्या मागच्या अंगणात होती, तिनं ऐकलं नाही. मी मनाशी म्हटलं, मागाहून सावकाश सांगू, फोनवर काय सांगायचं हे सगळं. मोठ्या मनानं बोललेल्याला तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

मुलाकडची मंडळी रविवारी यायची होती. शुक्रवारी चिक्कम्मा सरगूरला निघून गेली. सगळ्यांना कारण सांगितलं की भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, घरात करणारं कोणी नाही. पोरीनं विश्वास ठेवला. शनिवारी आत्या माझ्या दुकानात आली. ती कधी दुकानात येत नाही. गिऱ्हाईक होतं, तिला लिंबू रंगाचं अस्तर पटत नव्हतं. आत्या स्टुलावर बसून राहिली. ते गिऱ्हाईक गेल्यावर तिनं पिशवीतून कादंबरी काढून काउंटरवर ठेवली.

"घे. वाचून झालं."

"कसं वाटलं?"

"शेवट तू वाचलास?"

मी लिंबू रंगाच्या अस्तराची घडी घालायला लागलो.

"बुधवारी शेवट वाचून दाखवला मी तिला," आत्या म्हणाली. "वाचून झाल्यावर तिनं पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग विचारलं, हे पुस्तक कुणी दिलं गं? मी म्हटलं, तुझ्या लाडक्यानं. ती म्हणाली, चांगला आहे तो. तोंडानं सांगायला लाजला, म्हणून पुस्तक दिलं."

ती गेल्यावर मी काउंटरमागे उभ्या उभ्या शेवटची साठ पानं वाचली. थोरल्या मुलीचं लग्न ठरतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ती दुसरी बाई आपली ट्रंक भरते, कोणाला उठवत नाही, चष्मा चुलीजवळ ठेवते आणि होडीत बसते. लेखकानं तिच्या जाण्याचं फार सुंदर वर्णन केलं होतं. तिचा त्याग किती थोर, हे पानभर होतं. लग्न थाटात होतं. पुढे कोणी तिला परत आणायला जात नाही.

बावीस वर्षं आमच्या घरात राहून चिक्कम्मा आमची रीत शिकली होती. ताटाशेजारची किल्ली, सुपातला ब्लाऊजपीस आणि आता पुस्तक. तिनं वाचलं ते बरोबरच होतं, आमच्या घरात कोणीही तसंच वाचलं असतं. फोनवरचं माझं उत्तर तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला जड जातं. पुस्तक मिटलं तेव्हा मला लाज वाटली, हे खरं. पण त्याआधी, क्षणभर का होईना, मला हायसं वाटलं. रविवार सोपा झाला होता.

रविवारी बोलणी पक्की झाल्यावर आत्यानं एकदाच सांगितलं. "तू जाऊन सांग तिला की तुला असं म्हणायचं नव्हतं. माझं ती ऐकत नाही. तिला वाटतं मी दया करते. मी मुलाकडच्यांना आत्ता सांगते म्हटलं, तर तिनं पोरीची शपथ घातली."

"लग्न होऊ दे," मी म्हणालो. "मग जातो."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "सुम्ने बस मग," ती म्हणाली. म्हणजे गप्प बस. आणि मी खरंच गप्प बसलो. पुस्तक दिलं तेव्हा त्यात कसलाही निरोप नव्हता. गप्प राहून तो निरोप मी दिला.

लग्न वैशाखात झालं. चिक्कम्मा सकाळच्या पहिल्या बसनं आली, पाहुण्यासारखी पिशवी घेऊन, आणि तिसऱ्या रांगेत बसली. मांडवातून पोरीनं हाक मारली, "चिक्कम्मा, वर ये ना." तिनं हातानंच नको केलं. तिच्या मुठीत अक्षता होत्या. ती इतक्या लांबून टाकायची की त्या मधल्या रांगेतल्या लोकांच्या डोक्यांवर पडायच्या. मुलाची आई माझ्या शेजारी उभी होती. त्यांनी विचारलं, "या कोण?"

चिक्कम्मा दोन पावलांवर होती. मी म्हणालो, "आत्याच्या गावाकडच्या ओळखीच्या."

चिक्कम्मानं आपल्या विहिणीला हात जोडून नमस्कार केला, ओळखीची बाई करते तसा. जेवणाच्या पहिल्या पंगतीला बसली आणि दुपारच्या बसनं निघून गेली. पोरीनं मला विचारलं, "अण्णा, ती वर का नाही आली?" मी म्हणालो, "लाजली असेल."

त्यानंतर मी जाईन म्हणत राहिलो. दुकान, पाऊस, श्रावणातली सणांची खरेदी, आणि खरं तर काही नाही. वाचनगटातही जाणं बंद केलं. माझं नाव यादीतून काढू का, असा निरोप आला; त्याला उत्तर दिलं नाही.

सप्टेंबरात पोरीची सासू दुकानात आली. गर्द जांभळ्या साडीला अस्तर हवं होतं. मी तीन गठ्ठे काढले. कापड उन्हात धरून बघताना त्या सहज म्हणाल्या, "सूनबाईनं मला सगळं सांगितलं हो. तिच्या दोन्ही आयांचं."

मी कात्री खाली ठेवली.

"आम्हाला आधी सांगितलं असतं तरी काय झालं असतं?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "त्या दिवशी लग्नात मी त्यांना साधं बसासुद्धा म्हटलं नाही. मुलीची आई, आणि मी नुसती मान हलवली."

"चुकलं," मी म्हणालो, पण इतक्या हळू की त्यांना ऐकू गेलं नसावं.

"आणि ती कादंबरी तुम्हीच तर आम्हाला सुचवलीत. मी ती आधीच वाचलेली होती. मला तिचा शेवट मुळीच आवडला नव्हता. त्या बाईला कोणी आणायला कसं जात नाही? तुम्ही बोलताना शेवटाबद्दल एक शब्द काढला नाहीत, तेव्हा मला वाटलं, यांनाही आवडला नाही वाटतं, म्हणून मुद्दाम टाळलं."

अस्तर मी अर्धा मीटर जास्त कापलं. त्यांनी ते हसून घेतलं.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी, दरवर्षीप्रमाणे, आत्याकडे बाहुल्या बघायला गेलो. नऊ पायऱ्या, पांढरं धोतर अंथरलेलं, शेट्टीच्या दुकानात खरी तूरडाळ आणि खरा गूळ. तो जास्तीचा राजा गिऱ्हाईक बनून उभा होता. वर एकच राणी होती. राजाच्या डाव्या बाजूची जागा रिकामी, आणि बाकीच्या बाहुल्या सरकवून ती भरलेलीही नव्हती.

"दुसरी कुठे?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"पेटीत. तिची आहे, ती मांडेल." आत्या समईची वात पुढे सारत म्हणाली. "येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारतात. मी सांगते, राणी माहेरी गेलीय. आणायला जायचंय कोणीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. स्टँडवरून बस बाहेर पडायलाच अर्धा तास लागला, दसऱ्याची गर्दी सुरू झाली होती. सरगूरला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. चिक्कम्माच्या भावाचं घर शेताला लागून आहे. ती पडवीत बसून कापूस निवडत होती, मांडीवर बोंडं, केसात पांढरे तंतू. मला पाहून उठायला लागली.

"अरे मगा! बस, बस. कॉफी टाकते."

"कॉफी नको. बसा तुम्ही."

"पाणी तरी?"

मी खाली बसलो. तिच्या समोरचं एक बोंड उचललं आणि काहीतरी हाताला काम असावं म्हणून सोलायला लागलो. घरी आठवून आठवून तयार केलेलं सगळं विसरलो होतो.

"पोरीचा फोन येतो का?"

"रोज येतो. परवा म्हणाली, सासूला सांगून टाकलं." तिनं नवीन बोंड उचललं. "तू सांगायला लावलंस?"

"नाही."

"तेच म्हटलं मी."

मी म्हणालो, "त्या पुस्तकाचा शेवट मला माहीत नव्हता, चिक्कम्मा. मी एकशे बारा पानं वाचली होती."

तिनं मान वर केली. "आणि भाषण केलंस म्हणे एवढं मोठं?"

"हो."

"अय्यो, मगा." ती हसली, पण हसू लगेच गेलं. हातातल्या कापसातला काळा कचरा तिनं नखानं काढला. "बरं, पुस्तक राहू दे. पुस्तक देताना तुला माहीत नव्हतं. लग्नात तर माहीत होतं ना? मी समोर होते. तुझ्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, आता तरी सांगतो का बघू."

याला माझ्याकडे सबब नव्हती. अंगणात कोंबड्या होत्या, लांब कुठेतरी पंप चालू होता. मी बोंड खाली ठेवलं, उठलो आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. ती पाय मागे घेत होती, पण मी सोडले नाहीत. आमच्या घराण्यात कोणी कोणाला तोंडानं सांगितलं नव्हतं ते मी मोठ्यानं सांगितलं.

"चिक्कम्मा, तप्पायितु. चुकलं माझं. पुस्तक न वाचता दिलं ही एक चूक. तुम्ही गेलात तेव्हा का गेलात ते मला कळलं, आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून मी आठ महिने आलो नाही. पोरीच्या लग्नात तुमच्यासमोर तुम्हाला परकी केलं. त्या घराची आई तुम्ही आहात, आणि ते मी एकट्यानं खोटं पाडलं. मला माफ करा. तुम्हाला घरी न्यायला आलोय."